पंधरा नंबरची इस्त्री

लाँड्रीकाकांना आमच्या बास्केटबॉल टीममधल्या एकाही मुलाचं नाव माहीत नव्हतं, आणि ते विचारून घ्यावं असंही त्यांना कधी वाटलं नाही. जर्सीच्या पाठीवर जो नंबर, तोच माणूस. कॉलेजच्या आवारात कुणी समोरून आलं की "काय सात, गुडघा काय म्हणतोय?" अशी चौकशी व्हायची. मी पंधरा. त्या गोष्टीला आता एकवीस वर्षं झाली. मी त्याच कॉलेजात शिकवतो, डोक्यावरचे बरेचसे केस गेले, पोट सुटलं, तरी काका निवृत्त होईपर्यंत मला पंधराच म्हणत. विद्यार्थ्यांसमोरसुद्धा. सांगून काही उपयोग नव्हता.

लाँड्री वसतिगृहाच्या मागच्या अंगाला, बॉयलरच्या खोलीला चिकटून होती. लांबट खोली, कायम ओली फरशी, तीन हौद आणि कपडे पिळणारं एक जुनं यंत्र. ते सुरू झालं की असं थरथरायचं की काका त्याला पाठ लावून स्टुलावर बसत, नाहीतर ते चालत चालत दारापर्यंत गेलं असतं. पलीकडे वाळवणाची खोली, आणि दोन्हींच्या मधे इस्त्रीचं टेबल, त्यावर चौपदरी ब्लँकेट. टेबलाच्या एका टोकाला काकू बसायच्या. येणाऱ्या प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्यात त्या रंगीत दोऱ्याचा एक टाका घालायच्या. वसतिगृहाचा निळा, दवाखान्याचा पांढरा, खेळाचा लाल. सगळं बोलणं त्या तोंडात दोरा धरूनच करायच्या आणि तरी शब्द न् शब्द कळायचा.

काका बुटके होते. दंडापेक्षा मनगटं जाड. बोटांची टोकं पाण्यात राहून राहून कायमची सुरकुतलेली. कॉलेजात नोकरीला लागून त्यांना तेव्हा अठरा वर्षं झाली होती आणि अठरा वर्षांत त्यांनी एकही मॅच पाहिली नव्हती. "जाळ्यात चेंडू टाकायचा म्हणता, आणि जाळ्याला बूडच नाही," ते म्हणायचे. "मग टाकायचा कशाला? शिवून घ्या की आधी."

पण मॅच न बघता त्यांना मॅच कळायची. दुसऱ्या दिवशी मी जर्सींची पिशवी घेऊन गेलो की ते एकेक जर्सी उजेडाकडे धरून बघत. "सात दोनदा पडलाय, डाव्या कुशीवर. चारला कुणीतरी मागून ओढलंय, शिवण उसवलीये. नऊ नुसता पळतो. मळ नाही, ओरखडा नाही, अंग राखून खेळतो लेकाचा." एकदा आमचे खेळाचे सर स्वतः लाँड्रीत येऊन नऊ नंबरबद्दल विचारून गेले, आणि पुढच्या मॅचला नऊ नंबर पहिल्या पाचात नव्हता. नऊला याचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही. हे वाचून लागला तर लागो.

माझी जर्सी हातात आली की मात्र काका काही बोलत नसत. बोलण्यासारखं त्यात काही नसायचंच. मी बेंचवर बसायचो. पिशवी नेणं-आणणं, पाण्याच्या बाटल्या भरणं आणि टाळ्या वाजवणं हा माझा खेळ. काका माझी जर्सी उलटसुलट करत, क्षणभर थांबत आणि इतरांच्या जर्सींबरोबर हौदात टाकत. त्यापेक्षा त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या वर्षी लीगमध्ये दहा कॉलेजं होती. प्रत्येकाला नऊ मॅच, मग पहिल्या चारांची सेमीफायनल. पहिल्या दोन मॅच आम्ही अशा हरलो की सरांनी बोलणंच टाकलं. दुसऱ्या मॅचनंतर काका-काकू चार दिवस काकूंच्या बहिणीकडे गेले होते. लाँड्री बंद. तिसरी मॅच आम्ही दुसऱ्या मॅचच्या घामेजलेल्या जर्सी घालून खेळलो, आणि बावीस गुणांनी जिंकलो.

आमचा कप्तान गणिताचा विद्यार्थी होता. वर्गात पहिला यायचा. असल्या माणसानं असला विचार करू नये, पण त्यानं केला. त्याच दिवशी त्यानं जाहीर केलं, आता हरेपर्यंत जर्सी धुवायच्या नाहीत.

पिशवी घेऊन मी गेलो तेव्हा तो माझ्याबरोबर आला.

"काका, आजपासून जर्सी फक्त वाळवायच्या. पाणी लावायचं नाही."

काकांना आधी थट्टाच वाटली. "का? पाणी महाग झालं?"

"आम्ही जिंकतोय."

"एक जिंकलात."

"म्हणूनच. ते मोडायला नको. काका, शब्द द्या."

काकांच्या कपाळावर आठ्या पडल्या. काकूंनी तोंडातला दोरा न काढता म्हटलं, "अहो, जर्सी त्यांची, घाम त्यांचा. तुमचं काय जातंय?"

"लटकणार माझ्या दोरीवर ना?" काका म्हणाले. "येणाराजाणारा बघून काय म्हणेल? लाँड्रीवाला मेला का?" पण कप्तान हटेना. शेवटी काकांनी हात झटकला. "बरं. दिला शब्द. जा आता, मला कामं आहेत."

आणि खरोखरच आम्ही जिंकत गेलो. चौथी, पाचवी, सहावी. सहाव्या मॅचपर्यंत त्या जर्सींचा वास असा झाला होता की बसचा ड्रायव्हर आम्हाला पिशवी टपावर ठेवायला लावायचा. कप्तान म्हणायचा, हाच तर डाव आहे, आपल्याला अडवायला कुणी जवळच येत नाही. आमचे पाय जमिनीवर नव्हते. वाळवणाच्या खोलीत काकांनी आमच्या जर्सींसाठी शेवटच्या कोपऱ्यातली दोरी वेगळी केली होती आणि तिच्यापुढे जुनी चादर टांगली होती, म्हणजे इतर कपड्यांना ते दिसायला नको.

यापुढचं मला बरंच नंतर काकूंनी सांगितलं.

सहाव्या मॅचनंतर जर्सी दोरीवर टाकताना काकांना सात नंबरच्या जर्सीला आतून, पाठीच्या बाजूला, पिवळट डाग दिसले. मधोमध रक्ताचे ठिपके. त्यांनी सातला बोलावून घेतलं. सात आमचा सगळ्यात उंच आणि सगळ्यात चांगला खेळाडू. दारात वाकून यायचा.

"पाठ दाखव."

"घामोळं आहे, काका."

"दाखव म्हणतो ना."

पाठीवर आठ-दहा गळवं होती. दोन फुटलेली. मळक्या कापडानं दिवसामागून दिवस घासून ती आणखी चिघळली होती. काकांनी त्याला म्हटलं, कप्तानाला सांग, नाहीतर सरांना सांग. सातच्या तोंडचं पाणी पळालं. सरांना कळलं तर ते मला बसवतील, तो म्हणाला. हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं त्यानं. काकांनी त्याला दवाखान्यात पाठवून मलम आणायला लावलं आणि तोंड बंद ठेवायचं कबूल केलं.

त्या दिवशी काका जेवले नाहीत. काकूंनी विचारलं तेव्हा म्हणाले, "शब्द दिलाय मी पोरांना."

"मग पाळा."

"आणि त्या पोराची पाठ?"

"मग मोडा."

"आणि हरले तर?"

 खरी गोम तिथेच होती. काका आमच्या खुळाला हसत होते खरे, पण सलग चार मॅच जिंकलेल्या त्यांनीही मोजल्या होत्या. धुतल्या आणि टीम हरली, तर ते आपल्या हातून झालं असं त्यांना जन्मभर वाटलं असतं. कुणाला काही कळलं नसतं तरी वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, आम्ही सगळे वर्गांत बसलेलो असताना, त्यांनी लाँड्रीचं दार आतून लावलं आणि बाराच्या बारा जर्सी धुतल्या. सातच्या जर्सीवरचं रक्त आधी गार पाण्यात, मग कढत पाणी, सोडा, बिनवासाचा साबण, तीनदा खंगाळून. पुढचं काम जास्त अवघड होतं. वाळल्यावर त्यांनी एकेक जर्सी मुठीत चुरगळली, पायाखाली घेतली, आणि मग गुडघ्याच्या पॅडच्या पिशवीत कोंबून ठेवली. ती पिशवी आम्ही तिथेच ठेवायचो, पण पॅड कधीच धुवायला दिले नव्हते. त्यांचा वास स्वतंत्र होता, आणि तो एका रात्रीत सगळ्या जर्सींना लागला. धुतलेला कपडा मळका वाटावा म्हणून इतका खपणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. काकू इतक्या हसल्या की त्यांच्या तोंडातला दोरा गिळला गेला.

सातवी मॅच होती त्या दिवशी काका पहिल्यांदा हॉलमध्ये आले. दाराशी उभे राहिले, मॅच संपेपर्यंत हलले नाहीत. आम्ही जिंकलो. आठव्या मॅचलाही आले, नवव्यालाही. प्रत्येक मॅचनंतर ते धुवत होते, प्रत्येक वेळी चुरगळत होते, आणि प्रत्येक वेळी येऊन दाराशी उभे राहत होते. आम्हाला वाटलं, काकांना खेळाची गोडी लागली. कप्तान तर म्हणाला, काका आपल्यासाठी लकी आहेत, त्यांना प्रत्येक मॅचला आणायचं. सेमीफायनल आम्ही दोन गुणांनी काढली तेव्हा काका भिंतीला टेकून खालीच बसले.

"मी काय खेळ बघायला येत होतो होय?" त्यांनी मला नंतर सांगितलं. "मी माझं पाप बघायला येत होतो. कुठवर जातंय ते."

फायनल दुसऱ्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये होती. आमचं कॉलेज अकरा वर्षांनी फायनलला पोचलं होतं. काका आमच्याबरोबर बसमधून आले, टॉवेलांचं गाठोडं मांडीवर घेऊन. पिशवी नेहमीप्रमाणे मीच लाँड्रीतून उचलली होती. कपडे बदलायच्या खोलीत कप्तानानं ती उघडली आणि एकेकाकडे जर्सी फेकायला सुरुवात केली. चार, सात, आठ, नऊ. मग त्याचा हात थांबला.

माझी जर्सी त्याच्या हातात होती. तिच्यावर इस्त्रीची घडी होती. मधोमध एक सरळ रेघ, आडवी दुसरी, कागदाला पडावी तशी.

"हे काय आहे?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं.

"घरी नेली होतीस?"

"नाही."

"पिशवी कोणाकडे असते? तुझ्याकडेच ना?" काकांवर संशय घ्यायचं त्याच्या मनातही आलं नाही. काकांनी शब्द दिला होता. नऊ नंबर म्हणाला, "फोटो काढायचा असेल साहेबांना. खेळायचं तर नाहीच." कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, आज फायनल आहे आणि यानं आजच घाण केली. आठ मॅच जिंकलेली अकरा मुलं माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी त्यांच्या घरात चोरी केली होती.

"काढून ठेव," कप्तान म्हणाला. "तू आज बाहेर बस. सरांना सांगतो, पत्रकातून तुझा नंबर काढा म्हणून."

मी जर्सी बाकावर ठेवली. उघड्या अंगानं उभा राहिलो. मला रडू येत होतं आणि ते दिसू नये एवढीच माझी धडपड चालली होती. संपूर्ण सीझन पिशवी वाहिली, आणि शेवटच्या दिवशी बेंचवरही जागा नाही.

काका टॉवेल घेऊन दारात उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. त्यांनी मूग गिळले असते तर गोष्ट तिथेच मिटली असती. एका बेंचवरच्या मुलाची फायनल हुकली असती, बाकी टीम निर्धास्त खेळायला गेली असती. बोलले तर सगळ्यांचंच अवसान जाणार, ते समजत होतं त्यांना. त्यांनी गाठोडं खाली ठेवलं.

"पंधराला जर्सी घालू दे," ते म्हणाले. "त्यानं काही केलेलं नाही. मी धुतली. इस्त्री गरम होती, ही हातात आली, हात चालला."

कप्तान त्यांच्याकडे वळला. "तुम्ही? हिला तुम्ही पाणी लावलंत?"

"हिला एकटीला नाही. सगळ्या धुतल्यात."

"कधी?"

"सहाव्या मॅचपासून. दर वेळी."

 कप्तान मनात मोजत होता, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. सातवी, आठवी, नववी.

"आणि सेमीफायनल?"

"धुतलेल्या."

"काका, तुम्ही शब्द दिला होतात."

"दिला होता. मोडला. आता काय ते बोला मला, त्या पोराला बोलू नका." काकांनी सातकडे बोट केलं. "सातची पाठ बघा आधी, मग बोला."

सातनं मुकाट्यानं पाठ फिरवली. जुने डाग तेवढे होते, सुकलेले. त्यानं मान वळवून विचारलं, "म्हणजे ते मलमानं बरं झालं नव्हतं?"

कप्तानानं स्वतःची जर्सी नाकाला लावली. "मग हा वास कसला येतोय?"

"पॅडचा," काका म्हणाले. "पॅडबद्दल काही शब्द दिला नव्हता मी. त्यात घालून ठेवत होतो."

आधी सात हसला. मग आठ. मग सगळी खोली फुटली. कप्तान काही हसला नाही, पण त्यानं बाकावरची जर्सी उचलली आणि माझ्या अंगावर फेकली. "घाल. उशीर होतोय."

मॅचबद्दल फार लिहीत नाही. आम्ही वाईट खेळलो नाही. चार मिनिटं उरली असताना सातचा पाचवा फाउल झाला आणि तो बाहेर गेला. त्याच्या जागी खेळणारा मुलगा त्याआधीच पाच फाउल करून बसला होता. सरांनी बेंचवर इकडून तिकडे नजर फिरवली आणि निरुपाय म्हणून म्हणाले, "पंधरा, ऊठ."

मी चार मिनिटं खेळलो. दोन रिबाउंड घेतले, एक चेंडू हातातून घालवला, तीनदा आपटलो. चौदा सेकंद उरले असताना आम्ही दोन गुणांनी मागे होतो आणि मला दोन फ्री थ्रो मिळाले. पहिला आत गेला. दुसरा रिंगवर फिरला, फिरला आणि बाहेर पडला. आम्ही एका गुणानं हरलो.

परतीच्या बसमध्ये काका ड्रायव्हरच्या शेजारी बसले होते. वापरलेले टॉवेल त्यांनी पुन्हा पुन्हा घडी घालून मांडीवर ठेवले. मागे वळून त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पिशवी घेऊन लाँड्रीत गेलो. यंत्र बंद होतं. काका स्टुलावर बसले होते, नुसते.

"माझ्यामुळे गेली," ते म्हणाले. "पाच मिनिटं आधी असलं ऐकवल्यावर पोरं काय खेळणार?"

"काका, फ्री थ्रो मी चुकवला."

"मी गप्प बसलो असतो तर तू तिथे नसतासच."

 खरंच होतं ते. मग त्यांनी विचारलं, "कप्तान काय म्हणतो?"

"निरोप दिलाय त्यानं. म्हणाला, काकांना सांग, पॅडपण धुवा."

 काका उठले आणि त्यांनी पिशवी हौदाच्या कठड्यावर उपडी केली. जर्सी एकेक करून उजेडाकडे धरायला लागले. चार, आठ, नऊ. नऊ पहिल्यांदाच मळली होती, त्याला त्यांनी मान हलवली. मग माझी. इस्त्रीची रेघ कुठल्या कुठे गेली होती. कुशीला हॉलची धूळ, खांद्याच्या पट्टीवर कोपराचं रक्त, पाठीवर घामाचं पांढरं मीठ. त्यांनी ती उलटी केली, सुलटी केली, पुन्हा उलटी केली.

"दोनदा पडलास. उजव्या कुशीवर."

"तीनदा."

"तिसऱ्यांदा नीट पडला नसशील." त्यांनी अंगठ्यानं रक्ताचा डाग चोळून पाहिला. "आज धुण्यासारखी आहे ही," ते म्हणाले, आणि गार पाण्याची बादली घ्यायला बॉयलरच्या खोलीकडे गेले. रक्ताला गरम पाणी चालत नाही.

ते दाराआड गेल्यावर काकूंनी तोंडातला दोरा काढला. मी त्यांना दोरा काढून बोलताना पहिल्यांदा पाहिलं.

"हात चालला म्हणे," त्या हळूच म्हणाल्या. "इस्त्री सकाळीच बंद केली होती त्यांनी. गार पडली होती. तुझ्या जर्सीसाठी पुन्हा तापवली. फायनल आहे, पंधराला नक्की उतरवतील, म्हणाले. दहादा सांगितलं मी, अहो, घडी दिसेल. ऐकतात कुठे?"

काका बादली घेऊन आले. मी पुढे होऊन तिला हात लावला, आणि आम्ही दोघांनी ती हौदापर्यंत नेली.